सरकारी नियमांनी स्पर्धा वाढते की मरते? कांद्याच्या ट्रॉलीपाशी उभे राहून दिलेले उत्तर

प्रश्न असा आहे: सरकारने बाजाराचे नियमन केले की मोकळ्या स्पर्धेला मदत होते की अडथळा येतो? बहुतेक जण याचे उत्तर 'सरकार हवे' किंवा 'सरकार नको' असे देतात. दोन्ही उत्तरे कामाची नाहीत. नियम नेमका कशावर आहे हे पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. व्यवहार कसा करायचा, म्हणजे बोली उघड लावायची, माप बरोबर ठेवायचे, पैसे वेळेवर द्यायचे, हे सांगणारा नियम बहुतेक वेळा खरेदीदार वाढवतो. खरेदी कोणी करायची, कुठे करायची आणि किती करायची हे ठरवणारा नियम बहुतेक वेळा खरेदीदार घटवतो. माझी कसोटी एवढीच आहे: नियम आल्यावर एका ट्रॉलीभोवती बोली लावणारे वाढले की कमी झाले?

ही कसोटी कांद्यावर लावून बघू. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे, चाकण, सोलापूर इथे चांगले आणि वाईट दोन्ही प्रकारचे नियम एकाच आवारात, एकाच सकाळी काम करताना दिसतात.

आधी बाजार समित्या आल्या कुठून ते पाहू, कारण लोक त्यांना स्पर्धेचा शत्रू समजतात. आपल्याकडचा पहिला नियंत्रित बाजार 1886 साली वऱ्हाडात कारंजा इथे कापसासाठी सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. इंग्रजांना गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हा त्यांचा स्वार्थ होताच. पण नियम नसताना बाजार कसा चाले तेही पाहायला हवे. अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि खरेदीदार हातावर कापड टाकून बोटे दाबून भाव ठरवायचे आणि माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता बघायचा. माप व्यापाऱ्याचे, कडता, म्हणजे वजनातली कपात, व्यापाऱ्याच्या मनाचा, धर्मादाय-गोशाळा-पाणपोई अशा नावांनी कपात वेगळी. खरेदीदार दहा असले तरी एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती, मग स्पर्धा होणार कशी? उघड लिलावाची सक्ती झाली तेव्हा ती सुरू झाली. बाजार मोकळा करणारा हा नियम सरकारनेच घातला. पुढे महाराष्ट्राचा 1963 चा पणन कायदा याच पायावर उभा राहिला.

आता लिलाव जवळून पाहा. ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप गेटवर नोंद करून आवारात रांगेत लागते. समितीचा लिलाव कर्मचारी आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी जातो. व्यापारी वरचे चार-दोन कांदे उचलतो, साल चोळतो, मान दाबून पाहतो, आणि क्विंटलमागे बोली सुरू होते. एका ट्रॉलीला बऱ्याचदा मिनिटभरही लागत नाही. शेवटच्या बोलीचा आकडा आणि व्यापाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहिले जाते. मग भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या माल उतरवायच्या जागेवर, खाली करायला, परत रिकामी काट्यावर. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. त्यावरून हिशोबपट्टी होते, हमाली-तोलाई वजा होते आणि पैसे मिळतात.

या साखळीत भाव नेमका कोण ठरवतो? सर्वांत जास्त बोली लावणारा ठरवतो असे वाटते, पण भाव ठरतो त्याच्या मागच्या माणसावर. समजा पाच व्यापारी उभे आहेत. पहिल्याला दुबईच्या ऑर्डरसाठी मोठा गोल कांदा हवा आहे, तो 1,500 पर्यंत जाईल. दुसरा बांगलादेशचा माल भरतो, त्याची मर्यादा 1,460. तिसरा दक्षिणेत पाठवतो, 1,400. चौथा कोलकात्याला, 1,340. पाचवा स्थानिक, 1,250. ट्रॉली पहिल्यालाच जाते, पण 1,500 ला नाही, 1,460 च्या थोडी वर, कारण तेवढ्यावर दुसरा थांबतो. आता निर्यात बंद करा. पहिले दोघे गेले. तिसरा घेणार, पण त्याला 1,400 पर्यंत जायची गरजच उरत नाही. चौथ्याच्या 1,340 च्या जरासे वर गेले की माल त्याचा. क्विंटलमागे सुमारे 120 रुपये गेले, तेही देशातल्या एकाही ग्राहकाची मागणी तसूभर न घटता.

निर्यातबंदीचा फटका निर्यात होणाऱ्या मालापुरता राहत नाही, तो याच कारणाने. निर्यातदार ज्या ट्रॉलीवर फक्त बोली लावून मागे सरकला असता, तिचाही भाव त्याच्या नुसत्या असण्याने वर गेला असता. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क आले, ऑक्टोबर अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात करता येत नाही) आले आणि 8 डिसेंबरपासून बंदीच लागू झाली. ती 4 मे 2024 ला उठली, पण 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क 20 टक्क्यांवर आले. उरलेले 20 टक्के 1 एप्रिल 2025 ला काढले. दीड वर्षाच्या आसपास चार-पाच वेळा नियम फिरला. परदेशातला खरेदीदार अशा पुरवठादाराला कायमचे गिऱ्हाईक मानत नाही, तो पाकिस्तान, इजिप्त, चीनकडे दुसरा हात धरून ठेवतो. बंदी उठली तरी तोडलेली ओळ लगेच जुळत नाही. बंदीमुळे गेलेला बोलीदार बंदी उठली म्हणून दुसऱ्या सकाळी ट्रॉलीपाशी येऊन उभा राहत नाही, हे दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

त्याच बंदीच्या काळात काही देशांना सरकारी परवानगीने कांदा गेला, पण एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फतच. माल देशात सर्वांत कमी दराच्या निविदेने घ्यायचा आणि बाहेरच्या देशाला आगाऊ पैसे घेऊन द्यायचा अशी पद्धत होती. शेतकऱ्याच्या बाजूने पाहा: अनेक निर्यातदारांच्या जागी एकच खरेदीदार आणि तोही सर्वांत स्वस्त देईल त्याच्याकडून घेणारा. स्पर्धा खरेदीदारांत असायला हवी होती, ती विकणाऱ्यांत लावली.

साठामर्यादेचे तसेच आहे आणि तिचा परिणाम आणखी उलटा होतो. अत्यावश्यक वस्तू कायदा 1955 चा. त्याखाली सप्टेंबर 2019 मध्ये घाऊक व्यापाऱ्याला 500 क्विंटल आणि किरकोळ विक्रेत्याला 100 क्विंटल अशी कांद्याची मर्यादा घातली. ऑक्टोबर 2020 मध्ये ती घाऊकला 25 टन, किरकोळला 2 टन केली. 25 टन म्हणजे 250 क्विंटल, म्हणजे 25 क्विंटलच्या दहा ट्रॉल्या. लासलगावात बऱ्यापैकी व्यापारी एवढा माल सकाळच्या पहिल्या सत्रातच घेतो. घेतलेला कांदा वाळवणे, निवडणे, गोल्टी (बारीक कांदा)-जोड-सडका वेगळा काढणे, गोण्या भरणे, गाडी किंवा रेल्वेचा रेक मिळवणे याला दिवस लागतात. तोवर तो माल 'साठा'च मोजला जातो. दहा ट्रॉल्या झाल्या की व्यापारी हात खिशात घालतो. दुपारच्या सत्रात आलेल्या शेतकऱ्यासमोर दहाऐवजी चार बोलीदार उरतात. हा आदेश साठेबाजी मोडण्यासाठी होता, पण मोडली लिलावातली स्पर्धा. 2020 मध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवल्यावर केंद्राने प्रतवारी आणि पॅकिंगसाठी तीन दिवस मुभा दिली, म्हणजे माल खळ्यावर का पडून राहतो हे कळले, पण बाजार बंद पडल्यावर.

आणि साठ्याला सरसकट साठेबाजी म्हणणेच चूक आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाला तोच पुरतो. कोणीतरी तो चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, ठेवलाच पाहिजे. चाळीत वजन घटते, कोंब येतात, काजळी (काळी बुरशी) लागते. ही जोखीम घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले तर पुढच्या वर्षी तो मे महिन्यात बोली लावायलाच येत नाही, आणि त्याचा भुर्दंड मे महिन्यात विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला बसतो, ज्याच्याकडे चाळ नाही.

इथपर्यंत वाचून 'मग सगळे नियम काढून टाका' असे वाटेल, पण तेही चुकीचे आहे. त्यासाठी पुन्हा खळ्यावर चला. लिलाव आवारात झाला, चिठ्ठीवर 1,400 लिहिले. 25 क्विंटलचे 35,000 रुपये. ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर उलटली आणि व्यापारी म्हणतो, 'वरती माल चांगला, खाली गोल्टी आणि ओला निघाला, 150 कमी करा.' याला बाजारात 'वांधा' म्हणतात. लिलावात शेतकऱ्याभोवती पंधरा व्यापारी होते. इथे एकच आहे, माल जमिनीवर पडला आहे, पुन्हा भरायचा तर मजुरी आणि वेळ वेगळा, आणि संध्याकाळ होत आली आहे. 150 रुपये सोडले तर 3,750 गेले. बाजार फी शेकडा साधारण 1 रुपया धरा, ती होते 350, आणि तीही खरेदीदार भरतो. या फीवर, म्हणजे सेसवर, सभा होतात, मोर्चे निघतात, पण त्याच्या दहापट पैसा वांध्यात जातो. तसेच वजनातली कपात: क्विंटलमागे एक किलो 'कट्टी' म्हणून कापली तर 25 किलो, 1,400 च्या भावाने 350 रुपये. बाजार फीएवढीच रक्कम, पावतीवर नाव नसलेली.

कधी कधी व्यापाऱ्याचे म्हणणे खरेही असते. ट्रॉलीत वर निवडक कांदा लावून खाली बदला, म्हणजे हलका माल, भरणारे शेतकरी आहेत, आणि एकदा फसलेला व्यापारी पुढच्या प्रत्येक ट्रॉलीवर आधीच 50-100 रुपये कमी बोलतो. त्यामुळे चांगला माल आणणाऱ्याचेही नुकसान होते. म्हणून इथे नियम लागतो. वांधा लिलावाच्या जागीच, ट्रॉलीचे फाळके उघडून, समितीच्या माणसासमोर निकाली निघाला पाहिजे. खळ्यावर गेल्यानंतर तक्रार आली तर शेतकऱ्याला माल परत लिलावात आणायचा हक्क हवा आणि भरण्याचा खर्च, तक्रार खोटी निघाली तर, व्यापाऱ्यावर. जिथे वांधा समिती खरोखर बसते तिथे तक्रारी कमी होतात, कारण खोटा वांधा काढणे महाग पडते. नुसत्या कागदावर असलेल्या वांधा समितीचा उपयोग शून्य.

पैशाचा नियम त्याहून महत्त्वाचा. मोजमाप झाले त्याच दिवशी पैसे चुकते करायचे, असा बाजार समितीचा नियम आहे. तो पाळला जात नाही तिथे पुढच्या तारखेचे धनादेश सुरू होतात. एखादा व्यापारी दिवसाला 10 लाखांची खरेदी करतो आणि पंधरा दिवसांची उधारी ठेवतो, तर कोणत्याही क्षणी त्याच्याकडे शेतकऱ्यांचे दीड कोटी अडकलेले असतात. समितीकडे त्याची बँक हमी 5 लाखांची असेल तर तो बुडाल्यावर रुपयामागे साडेतीन पैसेही हाती लागत नाहीत. नाशिक भागात द्राक्षांच्या शिवार खरेदीत बागेत माल तोडून नेणारे आणि पैसे न देता नाहीसे होणारे व्यापारी दर हंगामात निघतात, कारण तिथे हमीही नाही आणि नोंदही नाही. यातही एक स्पर्धेची गोष्ट आहे, जी सहसा कोणी बोलत नाही: पैसे द्यायचेच नाहीत असे ज्याने ठरवले आहे, तो सर्वांत चढी बोली लावू शकतो. तो प्रामाणिक व्यापाऱ्याला लिलावातून हुसकावतो. हमीचा नियम नसेल तर अशा बाजारात चांगला खरेदीदार टिकत नाही.

केंद्राच्या 2020 च्या कृषी कायद्यांत हीच दुबळी जागा होती. आवाराबाहेर खरेदी मोकळी करणे योग्यच होते. पण पॅन कार्ड असले की कोणीही खरेदी करू शकेल आणि पैसे तीन कामकाजाच्या दिवसांत दिले तरी चालेल, असे लिहिताना आगाऊ हमी कुठेच ठेवली नाही. ते कायदे नोव्हेंबर 2021 मध्ये मागे घेतले गेले. बिहारने तर 2006 मध्येच बाजार समिती कायदा रद्द केला होता. पूर्णियाच्या गुलाबबागेत मका आजही मोठ्या प्रमाणात विकला जातो, म्हणजे व्यापार थांबला नाही. पण सरकारी आवारांची देखभाल सुटली आणि उघड लिलाव, अधिकृत काटा, रोजचा नोंदवलेला भाव या गोष्टी त्यांच्या जागी आपोआप उभ्या राहिल्या नाहीत. कायदा काढला म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही.

आता बाजार समितीची स्वतःची लबाडी, तीही झाकायला नको. व्यवहार 'कसा' करायचा ते सांगायला निघालेली समिती हळूहळू 'कोणी' करायचा हे ठरवू लागते. नव्या व्यापाऱ्याला परवाना हवा तर आवारात गाळा किंवा खळ्याची जागा दाखवा, जामीन आणा. गाळे जुन्यांच्याच घराण्यात, मग नवा माणूस उभा कुठे राहणार? संचालक मंडळ 18 जणांचे: 11 सोसायट्यांमधून, 4 ग्रामपंचायतींमधून, 2 व्यापारी-आडत्यांचे आणि 1 हमाल-मापाड्यांचा. कागदावर शेतकऱ्यांचे बहुमत आहे, पण निवडणुकीचा खर्च कोण करतो यावर मंडळ कोणाचे ते ठरते. एकाच घरात तीन-चार परवाने असले की लिलावात माणसे चार दिसतात, बोली एकच असते. भारतीय स्पर्धा आयोगासाठी बंगळूरच्या एका संशोधन संस्थेने 2012 मध्ये कांदा बाजारांचा अभ्यास केला, त्यातही मोजक्या व्यापाऱ्यांची पकड आणि नव्यांना प्रवेशाची अडचण पुढे आली होती. स्पर्धा कायदा 2002 मध्ये संगनमताला आणि बोलीतल्या मिलीभगतीला शिक्षा आहे. पण बाजार समितीत फक्त शेवटची बोली लिहिली जाते. कोणी किती लावली, कोण कुठे थांबला, याची नोंदच नाही, तर आपसांत वाटून घेतलेल्या ट्रॉल्या सिद्ध कशा करणार?

महाराष्ट्राने 2006 मध्ये खासगी बाजार आणि थेट पणनाला वाट दिली, आणि जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत, म्हणजे दलालाचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली. दिशा बरोबर होती. आडत खरेदीदारावर गेली तरी तो ती बोलीतून वजा करूनच बोलतो, त्यामुळे नुसत्या त्या बदलाने शेतकऱ्याच्या खिशात फार पडत नाही. खरा फरक बाहेरच्या वाटेने पडतो. लासलगावजवळच्या विंचूरच्या वाटेवर एखादा खासगी खरेदीदार उभा आहे हे माहीत असले की आवारातले व्यापारीही वांधा काढताना दोनदा विचार करतात. बाहेर थोडासाच माल गेला तरी आतला व्यवहार सुधारतो.

सरकार स्वतः खरेदीदार म्हणून उतरते तेव्हाही तीच कसोटी लावा. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी होती. हेतू शेतकऱ्याला हमी देण्याचा होता आणि सुरुवातीला ती मिळालीही. पण दुसऱ्या कोणाला विकणे बेकायदा होते. पैसे हप्त्यांनी आणि उशिरा, ग्रेडर म्हणेल ती प्रत, आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की रात्री सीमेवरून कापसाच्या गाड्या. शेतकऱ्याला स्वतःचाच कापूस चोरून न्यावा लागला. याउलट नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था कांद्याचा राखीव साठा करतात. 2023 मध्ये त्याचे उद्दिष्ट 5 लाख टन केले आणि शुल्कावरून आंदोलन पेटल्यावर 2,410 रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली. हीच खरेदी त्यांच्या माणसाने आवारात, ट्रॉलीपाशी उभे राहून बोली लावून केली असती तर प्रत्येक ट्रॉलीचा भाव वर सरकला असता, त्यांनी न घेतलेल्या ट्रॉल्यांचाही. ती बाहेर, निवडक कंपन्या आणि महासंघांमार्फत झाली. लिलावातले बोलीदार होते तेवढेच राहिले, आणि पुढे तोच साठा बाजारात ओतला गेला तेव्हा भाव मात्र सर्वांचा पडला. शेतकरी संघटना 'नाफेडने लिलावात उतरावे' म्हणतात, ती मागणी अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

तुमच्या समितीत काय बदलायला लावायचे ते आता सरळ सांगतो. परवान्यासाठी गाळ्याची अट काढा, फक्त हमी मागा, आणि हमी खरेदीशी बांधा: हमी 10 लाखांची तर न चुकवलेली खरेदी 10 लाखांच्या वर जाऊ द्यायची नाही, ती ओलांडली की त्या व्यापाऱ्याची बोली त्या दिवशी बंद. यात लहान नवा व्यापारी 2 लाखांच्या हमीवर पाच ट्रॉल्या घेऊन आत येऊ शकतो आणि मोठ्यालाही उधारीवर बाजार फुगवता येत नाही. प्रत्येक ट्रॉलीची निदान शेवटच्या तीन बोलींची नोंद ठेवा, नावांसह. कर्मचाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर हे होते, त्याला मोठी यंत्रणा लागत नाही. ई-नामसारखा (केंद्राचा ऑनलाइन शेतमाल बाजार) पूर्ण ऑनलाइन लिलाव कांद्यात रुजला नाही, कारण सोयाबीनची आर्द्रता यंत्रावर दिसते, कांद्याची मान हाताने दाबूनच कळते. ऑनलाइन खरेदीदाराचा आंधळ्या मालावर विश्वास बसत नाही. पण नोंद तरी डिजिटल ठेवता येते. भुईकाट्याची पावती वजनासह थेट छापली जावी, हाताने दुरुस्ती नको. आणि रोज जाहीर होणाऱ्या भावात किमान-कमाल सांगण्याबरोबर किती ट्रॉल्या कोणत्या भावाने गेल्या ते सांगा. एका ट्रॉलीला मुहूर्ताचा चढा भाव देऊन 'कमाल 2,100' छापून आणले की दुसऱ्या दिवशी आवक दुप्पट होते आणि भाव पडतो, हा जुना डाव त्याने मोडतो.

दिल्लीकडे मागायची गोष्ट एकच. निर्यातीवर काही करायचेच असेल तर ते पेरणीआधी, म्हणजे उन्हाळ कांद्यासाठी रोपे टाकायच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सांगा, आणि त्या हंगामाचा कांदा संपेपर्यंत बदलू नका. शुल्क परवडते, कारण त्याचा हिशेब करून निर्यातदार बोली लावू शकतो. रात्रीतून आलेल्या बंदीचा हिशेब करता येत नाही, आणि ज्याला हिशेब करता येत नाही तो ट्रॉलीपाशी येतच नाही.